चाळीतला कांदा कधी विकायचा? मनाचे कल ओळखून निर्णय घेण्याची पद्धत

एप्रिलपासून मेअखेरपर्यंत नाशिक, नगर, पुणे, सोलापूर, धुळे या पट्ट्यातल्या घराघरांत एकच चर्चा असते. उन्हाळ कांदा खळ्यावरूनच, म्हणजे काढणी होताच, द्यायचा की चाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, भरायचा? भरलाच तर काढायचा कधी? कुटुंबाच्या वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा या उत्तरावर ठरतो. वाण, खत, पाणी, फवारणी यांबद्दल सल्ला देणारे ढिगाने सापडतात. विक्रीच्या निर्णयाबद्दल मात्र "शेवटी ज्याचं त्याचं नशीब" असं म्हणून विषय संपवला जातो. मला ते अजिबात पटत नाही. पुढचा दर कोणालाच कळत नाही हे खरं. पण दर माहीत नसतानाही निर्णय नीट घेता येतो किंवा चुकीच्या पद्धतीने घेतला जातो, आणि चुकीचे निर्णय पुष्कळदा विचार करण्याच्या काही ठरावीक सवयींमुळे होतात.

या सवयींना मानसशास्त्रात बोधात्मक पूर्वग्रह म्हणतात. मी इथे साधेपणाने 'मनाचे कल' म्हणतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघांनी 1970 च्या दशकात त्यांवर पायाभूत काम केलं. ट्वर्स्की 1996 मध्ये वारले आणि 2002 मध्ये कानेमन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कानेमन स्वतः सांगत असत की आयुष्यभर हा अभ्यास करूनही त्यांचा पहिला अंदाज काही फारसा सुधारला नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कलांची नावं पाठ करून ऐन निर्णयाच्या वेळी उपयोग होत नाही. उपयोग होतो तो डोकं शांत असताना कागदावर लिहून ठेवलेल्या आकड्यांचा आणि नियमांचा. म्हणून खालची सगळी पद्धत एका वहीभोवती आहे. शंभर पानी वही घ्या आणि कांदा काढणीला येण्याआधी सुरुवात करा.

पहिली पायरी: प्रश्न फोडून लिहा

"विकू की ठेवू?" हा प्रश्नच अडचणीचा आहे, कारण त्याचं उत्तर सगळं किंवा काहीच नाही असं येतं. त्याऐवजी वहीत तीन गोष्टी लिहा.

एक, रोख पैसा कधी आणि किती लागणार आहे: सोसायटीचं कर्ज, खरिपाचं बियाणं-खत, मुलांची फी, घरातलं कार्य. या रकमेपुरता कांदा दराची वाट पाहत ठेवायचा नसतो. दोन, चाळीत टिकणारा माल किती. जाड मानेचा, जोड, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेला, काढताना मार लागलेला कांदा भरूच नका, तो शेजारच्या चांगल्या कांद्यालाही घेऊन बसतो. तीन, या दोन्हींतून उरलेला माल. खरा निर्णय फक्त या तिसऱ्या भागाबद्दल आहे. एवढं लिहिलं तरी घरातले निम्मे वाद मिटतात, कारण एक जण पहिल्या भागाबद्दल बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्या.

दुसरी पायरी: डोक्यात बसलेला आकडा बाहेर काढा

आता वहीत लिहा: "मला किती दर मिळावा असं वाटतं?" आणि त्याच्या पुढे: "हा आकडा कुठून आला?"

बहुतेकांच्या बाबतीत तो मागच्या चांगल्या वर्षाचा सर्वांत वरचा दर असतो. या कलाला अँकरिंग म्हणतात. कानेमन-ट्वर्स्की यांच्या 1974 च्या लेखात एक प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं एक चाक फिरवलं जाई. ते मुद्दाम 10 किंवा 65 वरच थांबेल अशी व्यवस्था होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल? ज्यांनी 10 पाहिला त्यांचा मधला अंदाज 25 आला, ज्यांनी 65 पाहिला त्यांचा 45. चाकाचा आणि आफ्रिकेचा काही संबंध नव्हता, तरी आकडा चिकटला. मग ज्या दराने आपल्या शेजाऱ्याने ट्रॅक्टर घेतला, तो दर किती घट्ट चिकटेल?

बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. मोबाइलवर फिरतो तो कमाल दर. लिलावात एखाद्या निवडक वक्कलला (मालाच्या ढिगाला) तो मिळालेला असतो. बाकीच्या शेकडो ट्रॉल्या सर्वसाधारण दराच्या आसपास जातात. म्हणून वहीत कमाल दर लिहायचाच नाही असा नियम करा. रोज फक्त सर्वसाधारण दर, आणि तोही ज्या बाजार समितीत तुम्ही खरोखर माल नेता तिथला. त्यात तुमचा माल नेहमी सर्वसाधारणच्या वर जातो की खाली, हे मागच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) काढून तपासा. पट्ट्या खोटं बोलत नाहीत, आठवण बोलते.

तिसरी पायरी: चाळीचा खरा हिशोब

इथे वेळ घालवा, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते.

समजा 100 क्विंटल कांदा आहे आणि आज दर 1,400 रुपये आहे. आज विकला तर 1,40,000 रुपये. वाहतूक, हमाली, तोलाई दोन्ही वेळेला लागणारच, म्हणून ती तुलनेतून बाजूला ठेवू. चार महिन्यांनी दर 2,000 झाला. कानाला कसं वाटतं? क्विंटलमागे 600 रुपये सुटले, थांबलो ते बरंच झालं.

आता मांडून बघा. चार महिन्यांत वजनातली घट आणि सड मिळून 25 क्विंटल गेले, उरले 75. त्यातले 10 क्विंटल काजळी (काळी बुरशी) आलेले, मऊ पडलेले, म्हणजे निम्म्या दरात जाणारे. त्यांचे मोल 5 क्विंटलइतकंच. म्हणजे पूर्ण दराचा माल 70 क्विंटल धरायचा. 70 गुणिले 2,000, झाले 1,40,000. एप्रिलमध्ये आले असते तेवढेच. त्यातून चार महिन्यांचं व्याज वजा करा: वर्षाला 12 टक्के धरलं तर 5,600. निवडीची मजुरी आणि हाताळणी 6,000 धरा. हातात राहिले 1,28,400. दर 600 रुपयांनी वाढला आणि तुम्ही 11,600 रुपयांनी मागे आलात. या चाळीला नुसती बरोबरी साधायलाच दर 2,166 रुपयांच्या आसपास लागतो.

आकडे तुमचे वेगळे असतील, मांडणी हीच ठेवा. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर अशा प्रत्येक महिन्यासाठी बरोबरीचा दर काढून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. मागच्या वर्षीच्या कमाल दराची जागा या आकड्यांनी घ्यायला हवी.

घट किती धरायची यावर मन हमखास गोड बोलतं. "आपला कांदा टिकतो, आपली चाळ हवेशीर आहे." प्रत्येकाला स्वतःची घट सरासरीपेक्षा कमी वाटते. साध्या साठवणुकीत पाच-सहा महिन्यांत 30-40 टक्क्यांपर्यंत माल जाऊ शकतो. पावसाळ्याच्या दमट हवेत सड वाढते आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरकडे कोंब फुटू लागतात. वाण, काढणीआधी तोडलेलं पाणी, सुकवणी यांनी फरक पडतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा घेऊ नका आणि स्वतःचा अंदाजही घेऊ नका. मोजा. चाळ भरताना चार-पाच जाळीच्या गोण्यांत प्रत्येकी 20 किलो कांदा वजन करून भरा आणि त्या वेगवेगळ्या जागी ठेवा: एक तळाला, एक मधोमध, एक पावसाच्या बाजूला. दर पंधरा दिवसांनी ओतून फक्त विकण्याजोगा कांदा तोला आणि वहीत लिहा. 20 चे 17 झाले की बरोबरीचा दर नव्याने काढायचा. या गोण्यांइतकं स्वस्त आणि उपयोगी साधन मला या सगळ्या पद्धतीत दुसरं दिसत नाही.

चौथी पायरी: एका वर्षाकडे नको, अनेक वर्षांकडे पाहा

ठळक घटना आठवायला सोप्या असतात, म्हणून त्या वारंवार घडतात असं वाटतं. तेजीचं वर्ष गावाच्या तोंडी दहा वर्षं राहतं, सपाट वर्षं कोणी सांगत नाही. यावर उपाय म्हणजे आपल्या बाजार समितीचे मागच्या आठ-दहा वर्षांचे महिनावार सर्वसाधारण दर काढून ओळीने लिहायचे. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर ते बघायला मिळतात. मग प्रत्येक वर्षासाठी एकच प्रश्न: मेमधला दर आणि माझ्या घटीचा हिशोब धरता, ऑगस्टला थांबणं फायद्याचं ठरलं का? किती वर्षं हो, किती वर्षं नाही, एवढंच मोजा. आपलं वर्ष वेगळं आहे असं कितीही वाटलं तरी सुरुवात या मोजणीपासून करायची.

कांद्याच्या बाबतीत आणखी एक रकाना लागतो: सरकारचा हस्तक्षेप. 29 सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी. 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, आणि 8 डिसेंबर 2023 पासून बंदी, जी 4 मे 2024 ला उठली तरी टनाला 550 डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून कमी दराने निर्यात करता येत नाही) आणि 40 टक्के शुल्क राहिलंच. दर चढू लागला की शहरी ग्राहकाच्या नावाने शेतकऱ्याच्या हातातला घास काढायचा, हे इतक्या वेळा झालं आहे की त्याला अनपेक्षित म्हणता येत नाही. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे; पण निर्णय घेताना तो गृहीत धरावा लागतो. ऑगस्टनंतरच्या तेजीवर सगळी चाळ लावणारा माणूस पावसाबरोबर दिल्लीवरही पैज लावत असतो.

उलट उदाहरणंही याच रकान्यात लिहा, नाहीतर हाही नवा पूर्वग्रह होईल. 2019 ला बंदी असूनही परतीच्या पावसाने खरिपाचं पीक गेलं आणि डिसेंबरपर्यंत दर चढतच राहिले. 13 सप्टेंबर 2024 ला सरकारने उलट निर्यात मूल्याची अट काढली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आणलं. 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. म्हणजे नियम असा काही नाही. धोका मात्र नक्की आहे आणि तो एकाच बाजूचा नाही.

पाचवी पायरी: आपल्या विरोधातला पुरावा शोधा

चाळ भरली की माणूस तेजीच्या बाजूचा होतो. मग व्हॉट्सॲपवर "यंदा लागवड कमी", "गुजरातला पाण्याखाली गेला", "बांगलादेश उघडला" हे मेसेज खरे वाटतात आणि आवक वाढल्याची बातमी व्यापाऱ्यांची चाल वाटते. याला पुष्टीकरणाचा कल म्हणतात. पीटर वेसन यांनी 1960 मध्ये लोकांना 2-4-6 हे आकडे देऊन त्यामागचा नियम शोधायला सांगितला. त्यांनी सांगितलं, तुम्ही आणखी तिकडी सुचवा, ती नियमात बसते का ते आम्ही सांगू. बहुतेक जण 8-10-12 सारख्या, स्वतःच्या अंदाजाला होकार मिळेल अशाच तिकडी देत राहिले. नियम होता नुसता चढता क्रम. 1-2-3 असं विचारलं असतं तर लगेच उलगडलं असतं.

वहीत एका पानावर हे लिहा: "दर पडणार असेल तर मला आत्ता काय दिसायला हवं?" उदाहरणार्थ, दक्षिणेतला खरीप कांदा सप्टेंबरपासून जोरात येणं, राजस्थानातल्या अलवरकडचं पीक चांगलं असणं, सरकारी बफरचा (भाव आवरायला सरकारने साठवलेला) कांदा बाजारात उतरणं, आपल्याच तालुक्यात चाळी अजून भरलेल्या असणं. आठवड्यातून एकदा या यादीतलं काय दिसलं ते तपासायचं. शेवटची गोष्ट तर गाडीवरून फेरी मारली तरी कळते. आणि हो, ज्याची चाळ रिकामी झाली आहे अशा माणसाला मत विचारा. त्याला तेजीची गरज नसते.

सहावी पायरी: फसलं असं धरून बोला

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली ही रीत आहे आणि ती घरात सहज जमते. चाळ भरायच्या आधी एका संध्याकाळी सगळे बसा. म्हणा, "समजा आज दिवाळी आहे आणि आपला कांदा फसला. का फसला असेल?" प्रत्येकाने दोन कारणं सांगायची, कोणी कोणाला खोडायचं नाही. "फसेल का?" असं विचारलं की वडीलधाऱ्यांसमोर कोणी बोलत नाही. फसलाच आहे असं धरलं की सून बोलते, मुलगा बोलतो. निवडीला येणाऱ्या बायकांनाही विचारा, चाळीत हात घालणाऱ्याला सड सगळ्यांत आधी कळते. निघालेल्या कारणांपैकी ज्यांवर आज काही करता येईल (ताडपत्री, तळाची हवा, पैशाची सोय) ती लगेच करा.

सातवी पायरी: विक्रीचे नियम आधीच लिहा

आता सगळ्यात अवघड भाग. ऑगस्ट आहे, दर 1,200 आहे, उत्पादन खर्च तुमच्या हिशोबाने 1,600 आला आहे. मन म्हणतं, "खर्चही निघत नाही, या भावात कसा देऊ? थांबू." हे वाक्य मी अतिशय समंजस, कष्टाळू माणसांच्या तोंडून ऐकलं आहे आणि त्यामागचं दुःख खरं आहे. उत्पादन खर्चाचा आकडा महत्त्वाचाच आहे: सरकारकडे भाव मागताना, पुढच्या वर्षी किती क्षेत्र लावायचं ते ठरवताना. पण आज विकायचं की नाही, या प्रश्नात तो येत नाही. तो पैसा विकला तरी गेलेला आहे आणि ठेवला तरी गेलेला आहे. आज तुलना दोनच गोष्टींची आहे: आजचे 1,200 आणि पुढच्या महिन्याचा संभाव्य दर, घट वजा करून.

इथे दोन कल एकत्र काम करतात, बुडालेल्या खर्चाचा मोह आणि तोट्याची भीती. कानेमन-ट्वर्स्की यांच्या 1979 च्या अभ्यासात लोकांना दोन पर्याय दिले होते: 3,000 चा नक्की तोटा, किंवा 4,000 चा तोटा होण्याची 80 टक्के शक्यता. दुसरा पर्याय सरासरीने 3,200 चा, म्हणजे जास्त वाईट. तरीही 92 टक्के लोकांनी तोच निवडला. तोटा पक्का करण्यापेक्षा माणूस मोठ्या तोट्याचा जुगार पत्करतो. सडणारी चाळ धरून बसणं हे तेच आहे.

यावर एक कसोटी आहे. स्वतःला विचारा: "माझी चाळ रिकामी असती आणि खिशात रोख असती, तर हाच कांदा, याच अवस्थेत, आज 1,200 ने विकत घेऊन साठवला असता का?" उत्तर नाही असेल तर विका. ठेवणं म्हणजे रोज तो कांदा नव्याने विकत घेणंच आहे. उत्तर मनापासून हो असेल, आणि ते वहीतल्या आकड्यांवर टिकत असेल, तर ठेवा.

पण ही कसोटी ऐनवेळी आठवेलच असं नाही, म्हणून नियम मेमध्येच लिहायचे. एक नमुना देतो. टिकाऊ मालाचे चार भाग करा. पहिला भाग जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, दर काहीही असो. दुसरा, सर्वसाधारण दर त्या महिन्याच्या बरोबरीच्या दरापेक्षा 15 टक्के वर सलग तीन लिलाव राहिला की. नाही राहिला तर 31 ऑगस्टपर्यंत. तिसरा, तसाच, सप्टेंबरअखेरपर्यंत. चौथा तुमच्या हिमतीचा, पण तोही खरिपाच्या नव्या लाल कांद्याची आवक जोर धरण्याआधी. याशिवाय एक नियम घटीचा: वजन करून ठेवलेल्या खुणेच्या गोण्यांत पंधरा दिवसांत किलो-दीड किलोची घट दिसली तर तारखेची वाट न पाहता तो वक्कल काढायचा. नियम बदलायचा असेल तर बदला, पण कारण लिहून, घरातल्या दुसऱ्या एकाची सही घेऊन आणि एक रात्र मध्ये जाऊ देऊन.

टप्प्याटप्प्याने विकल्यावर सर्वांत वरचा दर सगळ्या मालाला कधीच मिळणार नाही. हे आधीच मान्य करा. त्याच्या बदल्यात सर्वांत खालचा दरही सगळ्या मालाला लागत नाही, आणि कर्ज असलेल्या घराला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

लिलावाच्या दिवशीसाठी एवढंच: घरून निघतानाच किमान दर चिठ्ठीवर लिहून घ्या. पुकारलेला पहिला आकडा आणि दिलेलं गाडीभाडं, दोन्ही मनावर ओझं टाकतात.

आठवी पायरी: विकून झाल्यावर

विक्री झाली की महिन्याभरात सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. "मी तेव्हाच म्हणत होतो." बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी 1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीन-रशिया दौऱ्याआधी विद्यार्थ्यांकडून काय घडेल याचे अंदाज लिहून घेतले आणि दौऱ्यानंतर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना प्रामाणिकपणे आठवलं. घरात या कलामुळे भांडणं होतात आणि शिकणं मात्र काहीच होत नाही.

म्हणून प्रत्येक विक्रीच्या दिवशी, पट्टी हातात येण्याआधी, वहीत चार ओळी लिहा: आज किती काढला, का काढला, पुढच्या महिन्यात दर वर जाण्याची शक्यता किती टक्के वाटते, आणि कोणत्या नियमाने विकला. हंगाम संपल्यावर ती पानं काढून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. दर चांगला मिळाला का? आणि निर्णय नियमाने झाला का? नियमाने विकून नंतर दर चढला, तर निर्णय चुकला असं लिहू नका. नियम मोडून थांबलात आणि अचानक पावसाने तेजी आली, तर त्याच्या पुढे 'नशिबाने' असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी तेच कौशल्य समजून दुप्पट चाळ भराल.

शेवटी टक्क्यांचा ताळा: जिथे तुम्ही "दर वाढण्याची शक्यता 70 टक्के" लिहिलं होतं, त्यातल्या किती वेळा खरंच वाढला? निम्म्याहून कमी असेल, तर पुढच्या मेमध्ये विक्रीचे नियम लिहिताना चौथा भाग लहान करा आणि खळ्यावरून द्यायचा वाटा वाढवा.